गल्लीतल्या एकट्या म्हाताऱ्या माणसाकडं जायला लागताना

सोलापुरात आमच्या गल्लीत पाणी चार दिवसांआड येतं. पाण्याच्या दिवशी पहाटेपासून सगळी गल्ली दारात असते. मोटारी, पाइप, बॅरल, घागरी आणि "तुमच्यात आलं का ओ?" अशी हाक. रात्री झोपताना नळाची चावी उघडीच ठेवायची, म्हणजे पाणी आलं की आवाजानं जाग येते, ही इथली जुनी रीत. अशाच एका सकाळी कोपऱ्यावरच्या आजींच्या नळाचं पाणी नुसतं गटारीत चाललं होतं. खाली बादली नाही, आजी दारात नाहीत. पाणी वाया घालवणारी बाई ती नव्हे. आतून कडी होती. शेजारच्या पोरानं माळवदावरून उतरून कडी काढली, तर आजी न्हाणीच्या उंबऱ्यापाशी पडलेल्या. रात्री दहाला पडल्या होत्या, आम्ही आत गेलो तेव्हा साडेसहा वाजले होते. खुब्याचं हाड मोडलेलं. रात्रभर त्यांना शेजारच्या टीव्हीवरची मालिका ऐकू येत होती, कुणाचं तरी लेकरू रडलेलं ऐकू येत होतं. त्यांचा आवाज मात्र कुणापर्यंत गेला नाही. भिंतीला भिंत लागून आम्ही सात घरं.

त्यानंतर आमच्या गल्लीत एक साधी पद्धत सुरू झाली, एकट्या म्हाताऱ्या माणसाकडं ठरलेल्या वारी जाऊन बसायची. आता दुसऱ्या पेठांतली माणसं विचारतात, आम्हालाही करायचंय, सुरुवात कुठून करायची? त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. गल्लीच्या तोंडाला माझं मेडिकल आहे आणि वीस-बावीस वर्षं त्या काउंटरमागं उभी आहे.

काउंटरवरचीच एक गोष्ट आधी सांगते. एक काका रोज साडेनऊला यायचे आणि ब्लडप्रेशरच्या दोन गोळ्या न्यायचे. मी म्हणायचे, काका, अख्खी पट्टी न्या की, पंधरा दिवस बघायला नको. ते हसायचे, दोनच न्यायचे. पैशाची ओढाताण असेल असं मला कितीतरी दिवस वाटत होतं. मग लेकानं पुण्याहून तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम पाठवल्या. दुसऱ्या दिवशी साडेनऊला काका हजर. काउंटरवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "आज काय घ्यावं बरं?"

तेव्हा डोक्यात उजेड पडला. म्हाताऱ्या माणसाला घराबाहेर पडायला निमित्त लागतं आणि आपल्याला त्यांच्या घरात जायलाही निमित्त लागतं. पुढं जे सांगणार आहे ते सगळं हे निमित्त नेमानं पुरवण्याबद्दल आहे.

आधी थोडं समजून घ्या

एकटं राहणं, एकटं पडणं आणि एकटं वाटणं ही तीन वेगळी दुखणी आहेत. खरं तर पहिलं दुखणं नव्हेच. आमच्या इथल्या एक बाई पंचाहत्तरीत एकट्या राहतात, पण भजनी मंडळ, भिशी, देवळातली पारायणं यांतून त्यांना घरी सापडणं मुश्कील. उलट चार सुना-नातवंडांच्या घरात मधल्या खोलीत बसलेला म्हातारा असतो, ज्याच्याशी दिवसभरात "जेवला का?" यापलीकडं कुणी बोलत नाही. येणं-जाणं, बोलणं-भेटणं आटलं की माणूस एकटं पडतं. आपलं असं कुणी नाही, ही आतली भावना म्हणजे एकटं वाटणं. दोन्ही बरोबर असतात असं नाही, आणि दोन्ही अंगावर निघतात.

किती निघतात, याचे आकडे जरा दचकवणारे आहेत. 2010 साली 148 अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, त्यांत तीन लाखांवर माणसं होती. ज्यांची नाती-गोती घट्ट, त्यांची त्या त्या अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता 50 टक्क्यांनी जास्त निघाली. जागतिक आरोग्य संघटनेनं 2025 च्या अहवालात एकाकीपणाशी जोडलेले मृत्यू वर्षाला सुमारे 8,71,000 धरलेत, म्हणजे तासाला साधारण शंभर. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2024 च्या आयोगानं स्मृतिभ्रंशाची जी 14 टाळता येण्याजोगी कारणं मोजली, त्यांत लोकांपासून तुटणं आहे, कमी ऐकू येणं आहे आणि दिसायला कमी होणंही आहे. ही तिन्ही एकाच घरात एकदम नांदताना मी पाहिलीत. ऐकू येईना म्हणून माणसं टाळायची, दिसेना म्हणून बाहेर पडायचं नाही.

हे होतं कसं, ते स्वयंपाकघरात उभं राहिलं की दिसतं. एकट्यासाठी कोण फोडणी घालतंय? मग चहात बुडवून खारी, दुपारी भाकरीचा तुकडा. डाळ, उसळ, दूध कमी झालं की मांड्यांतली ताकद जाते. खुर्चीतून उठताना हाताचा टेकू लागतो. एकदा तोल जातो, पडत नाहीत, पण भीती बसते. भीतीनं देऊळ सुटतं, देऊळ सुटलं की चालणं सुटतं, आणि मग खरंच पडतात. सततच्या एकटेपणाचा शरीराला ताण होतो, झोप उडते, रक्तदाब चढतो, हे आहेच. पण सगळ्यांत मोठा धोका मला साधा वाटतो. आपलं तोंड वाकडं झालेलं आपल्याला दिसत नाही, ते बघायला समोर दुसरं माणूस लागतं. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली तर ती विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तीन-तीन दिवस कुणी दार न वाजवणाऱ्या घरात ते साडेचार तास मोजणार कोण?

पहिली पायरी: एकच माणूस निवडा

उत्साहात लोक यादी करतात. यादी करू नका. चालत पाच मिनिटांत पोचता येईल असं एकच घर घ्या. स्कूटर काढावी लागली की पावसाळ्यात जाणं बंद होतं.

सोलापुरात असं घर शोधायला लांब जावं लागत नाही. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं या शहराची एक अख्खी पिढी पुण्याला नेऊन सोडलीय. जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोडच्या बाजूला बंगले आहेत, वर तीन खोल्यांना कुलूप आणि खाली दोन म्हातारी माणसं, कधी एकच. गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावणारे कामगार आता ऐंशीच्या घरात आहेत. पाळीतले सोबती एकेक करून गेले, उरलेला कट्ट्यावर एकटाच बसतो.

पूर्व भागातल्या विडी कामगार बायकांचं मला जास्त वाटतं. त्यांच्याकडं कुणाचं लक्ष जात नाही, कारण घरात माणसं असतात. विडी वळणं हा पैशाचा धंदा खरा, पण कारखान्यात माल जमा करायला जाणं, रांगेत उभं राहणं, पान खराब दिलं म्हणून भांडणं, दारात सूप मांडीवर घेऊन चौघींनी मिळून वळत बसणं, हीच त्यांची भिशी आणि हाच त्यांचा क्लब. एक दिवस मोतीबिंदूनं दिसेनासं होतं, नाहीतर बोटं वळेनाशी होतात. कमाई थांबते ते घराला लगेच कळतं. बोलणं थांबलं ते कुणाच्या लक्षात येत नाही. चाळीस वर्षं तंबाखूची धूळ छातीत गेलेली असते, म्हणून खोकल्याकडंही सगळे सवयीनं दुर्लक्ष करतात.

नुकताच जोडीदार गेलेला, नुकतंच ऑपरेशन झालेलं, किंवा मुलानं नुकतंच गावाहून सोलापूरला आणून ठेवलेलं माणूस असेल, तर आधी तिथं जा. गावाकडून आणलेल्या माणसाला फ्लॅट म्हणजे लिफ्ट असलेला कोंडवाडाच वाटतो.

दुसरी पायरी: मागायला जा

पहिल्यांदा जाताना फळांची पिशवी नेऊ नका. फळं आजाऱ्याला नेतात. आणि "काही लागलं तर सांगा हं" हे वाक्य तर बोलूच नका. आजवर ते ऐकून कुणी काही सांगितल्याचं मला आठवत नाही. मानी माणसं असतात ही. आयुष्यभर दुसऱ्याला दिलेलं असतं, आता घ्यायची लाज वाटते.

काहीतरी मागायला जा. मी कोपऱ्यावरच्या आजींकडं, त्या दवाखान्यातून घरी आल्यावर, शेंगांची चटणी शिकायला गेले. पन्नाशी उलटलेली सोलापूरची बाई शेंगांची चटणी शिकायला आली म्हटल्यावर आधी त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. मग कॉटवर बसूनच सुरू झाल्या. शेंगदाणे मंद आचेवर भाज, घाई करू नको. साल काढलं का? सगळं कुठं काढलंस, थोडं राहू दे. लसूण सोलून घे, तिखट हे नव्हं, त्या बरणीतलं. मिक्सर काढला तर म्हणाल्या, "भुकटी करायचीय का चटणी?" उखळ त्यांच्या पलंगाखाली होतं. मी कुटत होते आणि त्या आवाजावरून सांगत होत्या, "अजून कोरडं वाजतंय, तेल सुटलं की आवाज बदलतो." आणि खरंच बदलला, धपधप ऐवजी चिकट, जड आवाज यायला लागला. चाळीस मिनिटं त्यांनी मला रागावून घेतलं. त्या चाळीस मिनिटांत एकदाही खुब्याचं नाव निघालं नाही.

प्रत्येकाकडं मागण्यासारखं काही ना काही असतं. मागावर काम केलेल्या आप्पांना चादरीचा उभा-आडवा धागा विचारा. निवृत्त मास्तरांकडं पोराचं गणित घेऊन जा. पत्ता, जुनं नातं, कुठल्या देवीला कुठला नैवेद्य, काहीही चालेल. फक्त खोटं मागू नका, लगेच ओळखतात.

भाषेचं थोडं. सोलापुरात एका गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी सुखानं नांदतात. म्हातारपणी माणूस आईच्या भाषेकडं परत जातं. तेलुगू अम्मांना दारातून "तिन्नारा?" म्हणून बघा, कन्नड आज्जींना "ऊट आतेनरी?" म्हणा. पुढचं तुम्हाला येत नसेल तरी चालतं, त्या हसून तुमची चूक सुधारतात. तेही एक निमित्तच झालं.

वेळ बघून जा. एप्रिल-मेमध्ये सकाळी अकरा ते पाच कुणाच्या दारात जाऊ नका, ऊन 43-44 अंशांपर्यंत जातं. संध्याकाळच्या मालिकेच्या वेळी तर मुळीच नको. समोर बसा, खिडकीचा उजेड तुमच्या तोंडावर पडेल असं बसा, म्हणजे कमी ऐकू येणाऱ्याला ओठ दिसतात. मोठ्यानं ओरडू नका. ओरडलं की आवाज फाटतो, शब्द कळत नाहीत, वर आपण चिडलोय असं वाटतं. सावकाश आणि नेहमीच्या आवाजापेक्षा जरासं जाड बोलायचं.

फोटो काढू नका. आम्ही एकदा कॉलेजची पोरं नेली होती. उत्साहानं आली बिचारी, पण एकानं तिथल्या काकांबरोबर सेल्फी काढून स्टेटसला टाकला. त्या काकांच्या पुण्याच्या सुनेला तो कुणीतरी दाखवला आणि दुसऱ्या आठवड्यात काकांनी दारच उघडलं नाही.

तिसरी पायरी: वार ठरवा

सगळ्यांत महत्त्वाची पायरी हीच, आणि इथंच माणसं गळतात. दर आठवड्याला एक ठरलेला वार, ठरलेली वेळ, अर्धा-पाऊण तास. महिन्यातून एकदा तीन तास बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं. कारण गुरुवारी कुणीतरी येणार असलं की बुधवारी अंघोळ लवकर होते, लुगडं बदललं जातं, डब्यात काहीतरी करून ठेवलं जातं. तुमच्या अर्ध्या तासामागं त्यांचा दीड दिवस उभा असतो.

हे मला चुकून कळलं. एका बाईंना गुरुवार सांगून मी दोन गुरुवार गेले नाही, दुकानात मालाची गडबड होती. फोनही केला नाही. तिसऱ्या गुरुवारी गेले तर बाई म्हणाल्या, "तुम्हाला कामं असतात," आणि बसा म्हणाल्या नाहीत. मागून कळलं की दोन्ही गुरुवारी सहा वाजेपर्यंत त्या कट्ट्यावर बसून होत्या. ती गाडी रुळावर यायला दोन महिने गेले. म्हणून जमणार असेल तेवढंच बोला. जमणार नसेल त्या दिवशी आदल्या दिवशी फोन करा.

एकट्यानं हे पेलत नाही. तिघंजण मिळून एक घर घ्या, वार वाटून घ्या. आम्ही शंभर पानी वही केलीय, ती माझ्या काउंटरखाली असते. तारीख, कोण गेलं आणि एकच वाक्य. खाजगी बोलणं लिहायचं नाही, सासू-सुनेचं तर नाहीच. फक्त डोळ्यांना काय दिसलं ते.

एक वाक्य फार वाटत नाही, पण वही बोलते. एका अक्कांच्या पानावर तीन वेगवेगळ्या माणसांनी तीन वेगळ्या दिवशी लिहिलं होतं: "आवाज बसलाय." "दुपारी चारला झोपलेल्या, उठवावं लागलं." "स्वेटर घालून बसल्यात." तारीख मे महिन्यातली. मे महिन्यात, सोलापुरात, स्वेटर! जो तो गेला त्याला तेवढंच दिसलं, एकत्र वाचलं तेव्हा ट्यूब पेटली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, थायरॉइड फार कमी झालेला. सकाळी उपाशीपोटी एक गोळी सुरू झाली. घरचे तोवर "वय झालं" म्हणत होते.

चौथी पायरी: बघायला शिका

चौकशी करू नका, बघा. "औषध घेता ना?" याला कायम "हो" हेच उत्तर येतं. पाणी मागून घ्या आणि आणायला स्वतः उठा, म्हणजे स्वयंपाकघर दिसतं. कडक भाकरीची चळत बघून मात्र दचकू नका, ती सोलापुरात श्रीमंताघरीही असते. तिच्याबरोबर काय आहे ते बघा. डाळीचा डबा किती उतरला, कांदे-बटाट्यांना मोड आलेत का, गॅसवर दूध कधीचं आहे. पाण्याच्या दिवसानंतर बॅरल भरलेलं नसेल तर माणसाला वाकवत नाहीय किंवा उठवत नाहीय.

गोळ्यांच्या पट्टीवर मागच्या बाजूला मार्करनं तारीख लिहून द्या. पुढच्या आठवड्यात मोजायला सोपं. सात जायला हव्यात आणि दोनच गेल्या असतील तर विसरताहेत, अकरा गेल्या असतील तरीही विसरताहेत. बऱ्याच घरांत एकच गोळी दोन नावांनी चालू असते, एक सरकारी दवाखान्याची आणि एक खाजगी डॉक्टरची. सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढं ओता, चिठ्ठीपेक्षा पिशवी खरं बोलते. मनानं गोळी बंद करू नका आणि शेजारणीची झोपेची गोळी तर बिलकूल नाही. म्हाताऱ्या माणसाच्या रात्रीच्या पडण्यामागं ती गोळी पुष्कळदा असते.

बांगड्या कोपराकडं सरकायला लागल्या, ब्लाउज खांद्यावरून ढळायला लागलं, घड्याळाच्या पट्ट्याला नवं भोक पडलं, तर वजन करा. प्रयत्न न करता सहा महिन्यांत 60 चे 57 झाले, तरी डॉक्टरला दाखवण्यासारखं आहे. टीव्ही गल्लीभर ऐकू येत असेल तर आधी कानात मळ आहे का ते बघून घ्या. कित्येकदा दहा मिनिटांचं काम असतं आणि घरच्यांनी "बहिरा" ठरवून टाकलेलं असतं. न्हाणीत निसरडं, अंगणातला दिवा गेलेला, सपाता झिजलेल्या, हे तिथल्या तिथं दुरुस्त करा, सभा भरवू नका. न्हाणीत धरायला दांडी बसवणं हे आमच्या गल्लीनं केलेलं सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत उपयोगी काम.

उन्हाळ्यात एक जास्तीचं. म्हातारपणी तहान कमी लागते. त्यातून गुडघे दुखतात आणि संडास बाहेर, म्हणून पाणी मुद्दाम कमी पितात. "पाणी प्या" म्हणण्यापेक्षा ताक घेऊन जा आणि दोघं मिळून प्या.

ताबडतोब धावायचं कधी

तोंड एका बाजूला ओढलं, एक हात वर राहीना, बोलणं अडखळायला लागलं, तर वाट बघू नका, 108 ला फोन. शेवटचं धड कधी होते ती वेळ लिहून ठेवा, दवाखान्यात पहिला प्रश्न तोच असतो.

काल बरं असलेलं माणूस आज अचानक असंबद्ध बोलायला लागलं, तर ते "म्हातारचळ" नव्हे. लघवीचा संसर्ग, सोडियम उतरणं, नवी गोळी, ताप, काहीही असू शकतं आणि बहुतेक वेळा उपचार होतो. त्याच दिवशी डॉक्टर. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी हळूहळू येतो, एका रात्रीत येत नाही. उन्हाळ्यात अंग तापलेलं आणि माणूस गोंधळलेलं असेल तर ओल्या फडक्यानं अंग पुसत, वारा घालत 108 बोलवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

"देवानं आता न्यावं" हे आपल्याकडं प्रत्येक म्हातारं माणूस म्हणतं, आणि म्हणता म्हणता चहाही मागतं. त्याची सवय झाली तरी कान उघडे ठेवा. दोन आठवड्यांहून जास्त भजन सुटलंय, जेवणाची चव गेलीय, पहाटे तीनला जाग येतेय, "मी सगळ्यांना ओझं झालोय" असं परत परत येतंय, वस्तू वाटून टाकायला सुरुवात झालीय, तर सरळ विचारा: जीव द्यावासा वाटतो का? असं विचारल्यानं डोक्यात नवा विचार भरत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून मोकळं होतात. उत्तर "हो" आलं तर एकटं सोडू नका, घरच्यांना बोलवा, डॉक्टरकडं न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात, पैसे पडत नाहीत. आणि आमच्या माणसांची उदासी रडून बाहेर येत नाही, अंग दुखतं, पोट साफ होत नाही, डोकं गरगरतं अशीच येते, हे काउंटरवर पक्कं शिकलेय.

पाचवी पायरी: बाहेर काढा, आणि काम द्या

तीन-चार महिन्यांनी घरात बसून बोलणं पुरे, बाहेर पडायचं बघा. सिद्धेश्वर तलावाच्या काठानं चार पावलं, हुतात्मा बागेतला बाक, कंबर तलावाची संध्याकाळ. ज्येष्ठ नागरिक संघ असेल तर उत्तम, पण "तिकडं जात जा" म्हणून सोडून देऊ नका. नव्या घोळक्यात शिरणं ऐंशीव्या वर्षी पहिलीच्या वर्गात बसण्यासारखं असतं. पहिल्या दोन वेळा बरोबर जा, कुणा एकाशी ओळख करून द्या, तिसऱ्यांदा आपोआप जातात. एसटीला 75 वर्षांवरच्यांना तिकीट नाही आणि 65 च्या पुढं अर्धं, त्यामुळं पंढरपूर-अक्कलकोट हे परवडणारं निमित्त आहे.

जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या वेळी म्हातारी माणसं आपोआप जिवंत होतात. सात नंदीध्वज, अडुसष्ट लिंगं, संमती कट्ट्यावरच्या अक्षता, सगळं त्यांना तोंडपाठ. गर्दीत मात्र नेऊ नका, मिरवणूक जिथून जाते तिथं कुणाच्या तरी ओट्यावर खुर्ची टाका.

माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट म्हणजे काम. गल्लीचं कुरिअर घेऊन ठेवणं, किल्ल्या सांभाळणं, शाळेतून आलेल्या पोराला आई येईपर्यंत अर्धा तास बसवणं. आमच्या एका आप्पांकडं आता पाच घरांच्या किल्ल्या आहेत. खुंटीवर ओळीनं लावतात आणि कोण किती वाजता किल्ली घेऊन गेलं ते सांगतात. थोडी चौकशी जास्तच करतात, पण तेवढं सोसायचं.

कागद आणि पैसा, थोडक्यात

70 वर्षांवरच्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं, वर्षाला पाच लाखांपर्यंतचा दवाखान्याचा खर्च त्यात बसतो. 65 च्या पुढच्या गरीब माणसाला श्रावणबाळ योजनेत दरमहा 1,500 रुपये मिळतात, अर्ज तहसीलला, उत्पन्नाची अट कडक आहे. पोरं बघत नसतील तर ज्येष्ठांसाठीच्या 2007 च्या कायद्यानं प्रांताधिकाऱ्यांकडं दाद मागता येते. कुठलंच धड कळत नसेल तर 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते.

तुम्ही स्वतः मात्र एटीएम कार्डाला, ओटीपीला, सही-अंगठ्याला हात लावायचा नाही. बँकेत बरोबर जायचं, काउंटरपासून दोन हात लांब उभं राहायचं. आणि एकट्या माणसाला फोनवर "डिजिटल अटक" म्हणून घाबरवणारे भामटे हल्ली फार झालेत. असली अटक कायद्यात नाहीच, हे टेलिफोनजवळ मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा, खाली 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लिहा. ज्याच्याशी दिवसभर कुणी बोलत नाही, तो अनोळखी फोनवर तासभर बोलतो. भामट्यांना हे आपल्याआधी कळलंय.

पुण्यात असाल तर

लेका-लेकींना दोन शब्द. रोज फोन करताय ते चांगलं, पण "जेवलीस का, गोळी घेतलीस का, दार लावलंस का" ही हजेरी झाली. तुम्हीही काहीतरी मागा. आमटीला काय घालू, त्या मामांचं गाव कुठलं, मुलीच्या शाळेत वंशावळ करायला सांगितलीय. एका शेजाऱ्याचा नंबर घ्या आणि तुमचा त्यांना द्या, पण आई-वडिलांना विचारून. त्यांच्या पाठीमागं आम्ही तुम्हाला खबरा देतोय असं कळलं की आमचाही दरवाजा बंद होतो.

कोपऱ्यावरच्या आजी आता वॉकरवर आहेत. पाणी भरायला पोरं जातात, पण पाण्याच्या दिवशी सहाला त्यांची खुर्ची दारात असते. परवा मी पाइप लावत होते, तर पलीकडून हाक आली, "अगं, तिसऱ्या घरातली अजून बाहेर आली नाही, बघून ये आधी." मी मोटार चालू ठेवून गेले. त्या बाईला नुसती जाग आली नव्हती. परत येऊन सांगितलं, तर आजी म्हणाल्या, "असू दे, वहीत लिही."